खिचडीच्या फोटोंबरोबर गेलेलं

नोकरीच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत मी मुलांना किती शिकवलं ते देव जाणे, पण खिचडीचे फोटो मात्र इमानेइतबारे काढले. रोज चार. पातेल्यातल्या खिचडीचा एक, हात धुणाऱ्या मुलांचा एक, पंगतीचा एक आणि घास तोंडात असतानाचा एक. दुपारी एकच्या आत हे चारही केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर पोचले पाहिजेत. फोटो पोचला नाही तर खिचडी शिजलीच नाही, असं धरायचे. एकदा टॉवर दिवसभर बंद होता, तर दुसऱ्या दिवशी मला विचारणा आली की मुलं जेवली याला पुरावा काय. मी उत्तर लिहिलं, पुरावा मुलांच्या पोटात आहे. त्या उत्तराबद्दल मी पुष्कळ बोलणी खाल्ली. माझी जीभ तेव्हा अशी चुरूचुरू चालायची. जिथे चालायला हवी होती तिथे नेमकी टाळ्याला चिकटली, तीच गोष्ट सांगायची आहे.

शाळा मेडशीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की लागायची. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मी मुख्याध्यापक आणि माझ्या हाताखाली एक बाई. हाताखाली म्हणायचं ते कागदावर. शाळा तीच चालवायची. शाळेची जागा खोलगट, त्यामुळे रेंज फक्त फाटकाबाहेरच्या हापशीपाशी मिळायची. रोज पाऊण वाजता मी तिथे फोन वर धरून उभा. पाणी भरणाऱ्या बाया एकमेकींना म्हणायच्या, गुरुजी देवाले फोन लावून राह्यले. मीही हसायचो.

पालकांचाही एक ग्रुप होता. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा अभ्यास धाडायला मीच तो काढला. पुढे शाळा सुरू झाली, अभ्यास संपला, ग्रुप राहिला. त्यावर सकाळची फुलं यायची, कुणाची बकरी हरवल्याचं यायचं, सोयाबीन काढायला मशीन कुठे आहे त्याची चौकशी यायची. आपल्या पोरांना काय खाऊ घालतात ते दिसावं म्हणून खिचडीचे फोटो मी तिथेही टाकायचो. शाळेच्या भिंतीवर आम्हा दोघांची नावं आणि फोन नंबर ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरांत लिहिले होते, तशी वरून सूचनाच होती. गावात ज्याला आकडे वाचता येत होते त्याच्याकडे आमचे नंबर होते. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. मास्तर म्हणजे गावचा माणूस, त्याला कसली आलीय झाकपाक, असं मी बाईलाही सांगायचो.

बाई पस्तिशीची. या गोष्टीच्या चार वर्षं आधी शेलूबाजारजवळ महामार्गावर तिच्या नवऱ्याला ट्रकनं उडवलं होतं. पदरी एक मुलगी, तीही आमच्याच शाळेत. सासर इंझोरीचं, शेतकरी घर. दिवस झाल्यावर सासऱ्यानं चार माणसांदेखत सुनेला सांगितलं होतं की नोकरी सोडायची नाही आणि पांढरं नेसायचं नाही. मेडशीला खोली घेऊन ती मुलीसह राहायची. दोन-तीन महिन्यांतून एकदा सासरा एसटीनं यायचा, पिशवीत तुरीची डाळ. शाळा सुटेपर्यंत तो माझ्यासमोर खुर्चीत बसायचा आणि सून वर्गात शिकवताना ऐकायचा. एकदा मला म्हणाला होता, पोरगं गेलं, पन हे पोरगी देवानं ठेवली. असा सासरा मी माझ्या नात्यागोत्यात पाहिला नाही.

गावातून चालताना बाईची मान खाली असायची. वर्गात शिरली की मात्र ती दुसरीच कुणी व्हायची. पहिलीच्या मुलांसाठी तिनं स्वतः एक गाणं रचलं होतं. ‘एसटी आली मेडशीची, जागा धरा खिडकीची.’ त्यात हातवारे होते. दोन्ही हातांनी मोठं चाक फिरवायचं, खड्डा आला की उडी मारायची, कंडक्टरनं घंटीची दोरी ओढायची. चाळीस पोरं एकदम खड्ड्यात आदळायची आणि माझ्या टेबलावरची शाईची बाटली हलायची. मी ओरडायचो, बाई, एसटी हळू चालवा. मग ती आणखी जोरात चालवायची.

माझ्या बायकोचा तिच्यावर फार जीव. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मायलेकी आमच्याकडे जेवायला असायच्या. बाईच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा बायकोनं तिला बजावलं होतं, हळदीत मागं मागं राहायचं नाही, नाचायचं, मी सांगते म्हणून नाचायचं. बाई नुसती हसली होती. विधवेनं हळदीत नाचणं आमच्या भागात अजूनही सोपं नाही. लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, एवढीच सुधारणा झाली आहे.

ती रजेवर होती. गुरुवारी अकराच्या सुमारास माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. माझ्या बायकोकडे बटणांचा साधा फोन, त्यामुळे तिचं सगळं माझ्याच फोनवर यायचं. खाली लिहिलं होतं, ‘सर, काकूले दाखवा. नाचली मी.’ मी हापशीपाशी उभा राहून पाहिला. जेमतेम मिनिटभराचा असेल. गालांना हळद, पिवळं लुगडं, हात वर. सुरुवातीला बावरलेली होती, मग सुटली. आणि मध्येच तिनं दोन्ही हातांनी ते एसटीचं चाक फिरवलं. तिला दुसरा नाच येतच नव्हता. मला हसू आलं आणि डोळेही भरले. संध्याकाळी बायकोला दाखवायचा म्हणून मी तो फोनमध्ये उतरवून घेतला.

पाऊण वाजता नेहमीप्रमाणे खिचडीचे फोटो निवडले. चष्मा टेबलावर राहिला होता. चारांच्या जागी पाच खुणा झाल्या. त्या दिवशी आधी पालकांचा ग्रुप उघडला होता. पाठवलं, ते गोल गोल फिरत राहिलं, आणि दोन्ही वर्गखोल्या एकट्यावर होत्या म्हणून मी फोन खिशात टाकून आत गेलो. अर्ध्या तासानं बाहेर येऊन पाहिलं तर खिचडीच्या चार फोटोंखाली बाई नाचत होती.

घाबरून मी तो पुसला. पुसताना फोन दोन गोष्टी विचारतो, फक्त तुमच्या फोनमधून काढू की सगळ्यांच्या. मी घाईत फक्त माझ्या फोनमधून काढायचं बटण दाबलं. माझ्यासमोरून व्हिडिओ नाहीसा झाला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या फोनमधून गेला म्हणजे जगातून गेला असं मला वाटलं. बाईला फोन करून सांगावं असंसुद्धा मनात आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प बसलो. संध्याकाळी किराणा दुकानासमोरून जाताना पाचसहा जण एका फोनवर वाकलेले दिसले आणि त्यातून हळदीच्या गाण्याचा आवाज येत होता.

शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. कुणी भांडायला आलं नव्हतं. विषय झाले, चहा आला, आणि एकानं सहज विचारलं,

“गुरुजी, बाईच्या नाचाचा व्हिडिओ तुमच्या फोनात काहून?”

तो रागानं बोलला असता तर मी खरं सांगितलं असतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. तो किंचित हसला होता.  माझ्या मुलीची सोयरीक जुळत आली होती, मंगळवारी पाहुणे येणार होते. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. बाईनं माझ्या बायकोसाठी पाठवला, माझ्या चुकीनं इथे पडला. यातलं एकही अक्षर लाज वाटण्यासारखं नव्हतं. पण विधवा बाई आणि मास्तर, असं ते लोकांच्या तोंडात कसं फिरेल ते मला दिसलं आणि मी म्हणालो, बाईनं तो स्टेटसला ठेवला होता, तिथून माझ्या फोनमध्ये आपोआप उतरला असेल, मग तिनं काढूनही टाकला.

सगळ्यांना पटलं. स्टेटस सगळ्यांना माहीत होतं, तिथून काय उतरतं आणि काय नाही हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, आणि मी तर गुरुजी. मग बोलणं बाईकडे वळलं. शिकलेल्या बाईला एवढं कळू नये, आपला नंबर गावाकडे आहे, काय ठेवावं काय नाही. मीही मान हलवली. चहा संपवून लोक उठले.

सोमवारी ती आली. हातांवरची मेंदी अजून गेली नव्हती. तिच्या कानावर सगळं आलेलं होतं. माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, सर, मी स्टेटसला नव्हता ठेवला. मी हजेरीपट उघडला आणि म्हणालो, मला माहीत आहे, बाई, पण आता विषय वाढवू नका, चार दिवसांत लोक विसरतात.  माझ्या तोंडून आणखी काही निघेल याची ती वाट पाहत होती हे मला कळत होतं. मग ती वर्गावर गेली.

मुलांनी गाणं सुरू केलं. चाळीस एसट्या निघाल्या. बाई हाताची घडी घालून फळ्याशी उभी. एका पोरीनं विचारलं, बाई, तुमी काहून नाही चालवून राह्यल्या. बाई म्हणाली, ड्रायव्हर रजेवर आहे. पोरं हसली. शाईची बाटली हलत होती, आणि तिला हळू चालवा म्हणण्याची मला काही गरज पडली नाही.

त्या दिवशी जेवताना मी बायकोला बैठकीतलं सांगितलं. ती माझं पान वाढत होती. वाढायचं थांबून म्हणाली, “तो मले धाडला होता तिनं. तुमाले नाही.”  पुढे जावयानं तिला मोठा फोन दिला, तो अजून डब्यातच आहे.

लोक चार दिवसांत विसरले नाहीत. ज्यांनी विसरायला हवं होतं त्यांनी तो व्हिडिओ शेजारच्या गावांना धाडला. भिंतीवर नंबर होताच. कुणाकुणाचे फोन येऊ लागले, कुणी नुसतं गाणं लावायचं आणि ठेवून द्यायचं. तिनं नंबर बदलला. मग मधल्या सुट्टीत एक दिवस ती दगड घेऊन भिंतीवरचा आपला जुना नंबर खरवडत बसली. ऑइल पेंट लवकर निघत नाही. मुलं भोवती जमून पाहत होती. मी खिडकीतून पाहत होतो. माझा नंबर तिच्या नंबरच्या वरच होता, अगदी ठळक, त्यावरून कधी कुणाचा तसला फोन आला नाही.

दोन आठवड्यांनी सासरा आला. हातात पिशवी नव्हती. खुर्चीत बसला, पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला,

“गुरुजी, नाचली त नाचली. त्याचं मले काही नाही, मीच म्हनलं होतं तिले मोकळी राह्य म्हून. पन ते म्हनते का म्या फक्त काकूसाठी धाडला होता. अन् तुमी मीटिंगमंदी म्हनलं का स्टेटसले होता. ते माह्याशी खोटं बोलली का, येवढंच सांगा. तुमी म्हनसान ते मी मानीन.”

भिंतीपलीकडे बाई दुसरीला वजाबाकी शिकवत होती. तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. दार उघडं होतं, गावातला कुणीही आत येऊ शकला असता. मुलीच्या लग्नाची तारीख निघालेली होती. मी म्हणालो, “स्टेटसलेच होता.”

म्हाताऱ्यानं टोपी डोक्यावर घातली. “बरं झालं सांगितलं,” म्हणाला. सुनेला न भेटता तो फाटकाबाहेर गेला. तिसरीतली नात व्हरांड्यात होती, तिच्या गालाला हात लावला आणि चालू लागला. त्यानंतर तो शाळेत आला नाही. सुट्टीत नातीला न्यायला माणूस धाडायचा, सुनेसाठी निरोप नसायचा. नवरा गेल्यावर ज्या माणसाच्या आधारानं ती उभी राहिली होती, त्याच्या नजरेत ती खोटारडी ठरली. मी दोन शब्दांत ठरवली.

एवढं पुरे नव्हतं म्हणून की काय, त्या हिवाळ्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला भाषण करायला लावलं. विषय, शिक्षकांनी समाजमाध्यमं जबाबदारीनं कशी वापरावीत. तुमच्या शाळेला अनुभव आहे, तुम्हीच बोला, असं सांगण्यात आलं. नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझ्याकडचं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मी बोललो, आणि चांगलं बोललो. शाळेच्या कामाचा नंबर वेगळा ठेवा, घरचा वेगळा. मुलांचे चेहरे ज्याच्यात्याच्या ग्रुपवर टाकू नका, त्यांनाही अब्रू असते. दुसऱ्याचं काही पुढे धाडण्याआधी त्याला विचारा. पाठवण्याआधी चष्मा लावा, यावर लोक हसले. आणि शेवटी म्हणालो, आपलं खासगी आपणच आपल्या हातानं चव्हाट्यावर आणतो. तेव्हा बऱ्याच माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. बाई तिथे वही मांडीवर घेऊन बसली होती आणि मी सांगितलेलं सगळं, ओळीमागून ओळ, नीट उतरवून घेत होती. टाळ्या पडल्या तेव्हा तिनंही वाजवल्या.

पुढच्या वर्षी तिची शेलूबाजारकडे बदली झाली. तिनंच मागितली होती. माझी निवृत्ती झाली. हार, नारळ, फोटो. माणूस निवृत्त झाला की त्याला कुणी काही विचारत नाही, आणि विचारलं जात नाही तेव्हाच उत्तरं आठवतात. मुलीचं लग्न होऊन ती सुखात आहे. मी खरं बोललो असतो तरी झालंच असतं, हेही मला आता दिसतं. यंदा संक्रांतीनंतर मी ठरवलं की इंझोरीला जायचं, म्हाताऱ्यापुढे बसायचं आणि सांगायचं. पालकांचा तो ग्रुप अजून आहे, त्यावरही लिहायचं. पण आधी तिला सांगायला हवं म्हणून मी एसटीनं शेलूबाजारला उतरलो आणि पुढे जीपनं तिच्या शाळेत गेलो.

मधली सुट्टी होती. तिनं खुर्ची दिली, काकूंची चौकशी केली. मी जे आयुष्यभर मुलांना करायला लावलं ते केलं, उभा राहिलो आणि चूक कबूल केली. माफी मागितली. ती टेबलावरचे खडू गोळा करत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

“सर, मामाजीले सांगू नका.”

मी म्हणालो, तुमच्या सासऱ्यांना सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

“मागच्या दिवाळीत मामाजी सोता आले माह्या खोलीवर, डाळ घेऊन. म्हनले, झालं ते झालं पोरी, मी माफ केलं तुले. मी पाया पडली त्यायच्या. तीन वर्षानं बोलले ते माह्याशी.” तिनं खडूंचा डबा बंद केला. “आता तुमी जाऊन सांगसान का माफ करासारखं काही नव्हतंच, त त्या म्हाताऱ्या मानसानं जाव कुठी, सर? तीन वर्ष आपन पोरीले उगाच खोटी धरली, हे घेऊन मरतीन ते. राहू द्या. मीच खोटी बरी.”

ग्रुपवरही लिहू नका म्हणाली. तुम्ही लिहाल, तर कोणता व्हिडिओ म्हणून लोक तो पुन्हा शोधतील.  म्हणजे मला माफी मागता येणार होती ती फक्त तिच्याकडे, आणि तिनं ती ऐकून घेऊनही तिच्या वाट्याला काहीच येणार नव्हतं. म्हणून मी हे इथे लिहिलं, कुणाचं नाव न घालता. शाळेचंही नाही, माझंही नाही. हे झाकणं मला फार उशिरा जमलं.

घंटा झाली. ती पहिलीच्या वर्गावर गेली. मी निघालो, पण फाटकाशी पोचलो आणि मागून ऐकू आलं, एसटी आली मेडशीची. शाळा दुसरी, गाव दुसरं, पण गाणं तिनं तसंच ठेवलं होतं. मी मागे फिरून खिडकीशी गेलो. पोरं दोन्ही हातांनी चाक फिरवत होती, आणि त्यांच्या पुढे उभी राहून बाईही फिरवत होती. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, खड्डा आला की सगळ्यांच्या आधी तिचीच उडी. किती वर्षांनी मी ते पाहत होतो. मला वाटलं, निदान एवढं तरी उरलं.

परतीची बस किती वाजता ते पाहायला मी खिशातून फोन काढला. त्याच वेळी तिची नजर खिडकीकडे आली. तिनं मला पाहिलं, मग माझ्या हातातला फोन पाहिला, आणि तिचे दोन्ही हात खाली आले. मी घाईघाईनं फोन खिशात घातला, मान हलवून नाही नाही म्हटलं. पोरं गात राहिली. तिनं हाताची घडी घातली होती, ती मी तिथून जाईपर्यंत सुटली नाही.